एकतारी

शिवशंकर सरांच्या दारात चपलांचे दोन जोड असतात आणि घरात माणूस एकच. दुसरा जोड धुरपताबाईंचा. बाई जाऊन तीन वर्षं झाली, पण सर तो जोड आत ठेवत नाहीत आणि कुणाला देऊनही टाकत नाहीत. लातूरच्या त्या कॉलनीत हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी त्याबद्दल विचारत नाही. खरं म्हणजे सरांना कुणी काहीच विचारत नाही.

बाई होत्या तेव्हा विचारणारं एक तोंड होतं. फाटकाची कडी वाजली की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "आलात का?" एकतीस वर्षं विचारलं त्या माउलीनं. आणि या गृहस्थानं एकतीस वर्षांत एकदाही धड उत्तर दिलं नाही. आलोय ते दिसतंय की, त्यात विचारायचं काय, असं मनाशी म्हणत चप्पल काढायची आणि पेपर उघडून बसायचं. आता कडी वाजते, चप्पल निघते आणि घर गप्प राहतं. मुलगा रविकिरण पुण्याला. त्याचा रविवारी फोन येतो, "पप्पा, बीपीची गोळी घेतली ना?" म्हणतो आणि ठेवतो. वरचा मजला त्याच्यासाठी बांधला होता, त्याला कुलूप आहे. एकटेपणानं माणूस कसा वाळतो ते सरांच्या तोंडाकडं बघून कुणालाही कळलं असतं, पण बघायला तरी कोण होतं?

तर यंदाच्या एप्रिलात सरांच्या घरातली लाईट मिणमिणायला लागली. पंखा रडत रडत फिरायचा. सरांनी गुरुबसप्पा वायरमनला बोलावलं. तो आला, मीटरपाशी एक तार ढिली झाली होती ती त्यानं आवळली, पंखा पळायला लागला. पण गुरुबसप्पा कामाचा पक्का. म्हणाला, "काका, आलोच हाय तर तुमचं अर्थिंग बी बघतो." जास्वंदीच्या बुडाशी जमिनीत पुरलेली पट्टी होती, तिची तार त्यानं उकरून काढली. मग होल्डरमधला बल्ब घेतला, त्याचं एक टोक घरातल्या फेजला लावलं आणि दुसरं त्या जमिनीतल्या तारेला. बल्ब लागला, पण अगदी तांबूस, मेल्यागत.

"माती वाळून गेली बगा," गुरुबसप्पा म्हणाला. "एक बादली पाणी आना."

सरांनी पाणी आणलं. त्यानं ते जास्वंदीच्या बुडाशी ओतलं, आणि पाणी मुरत गेलं तसा बल्ब उजळत गेला. सर बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "अरे, पण दुसरी तार कुठंय?"

"कोन्ची दुसरी?"

"बल्बाला दोन तारा लागतात. एक जायची, एक यायची."

गुरुबसप्पा हसला. "जमीनच की हो दुसरी तार! तुमी तर सायन्स शिकवत हुतात ना, काका?"

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक आपण कुठं बोट घातलं ते. सर पायरीवर बसले. त्यांना पाणी ओतणारी एक पोरगी आठवली, तीही कागदावरची.

गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. सर तेव्हा सारणवाडीच्या शाळेवर होते. औशाहून पुढं गेलं की एक फाटा लागतो, तिथून आत. आता खरं सांगायचं तर सरांची डिग्री केमिस्ट्रीची. फिजिक्स त्यांना पोटापुरतं यायचं. पुस्तकातल्या आकृतीत दोन तारा, म्हणजे दुनियेत दोन तारा, तिथं त्यांचं विज्ञान संपायचं. पण आवाज मोठा आणि छडी त्याहून मोठी, त्यामुळं हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

नववीच्या वार्षिक परीक्षेत पाच मार्कांचा प्रश्न होता : परिपथ म्हणजे काय ते आकृती काढून सांगा. राजकन्या नावाच्या मुलीनं आकृती काढली होती. खांब, खांबावरून आलेली एकच तार, तिला बल्ब. बल्बातून निघालेली तार खाली जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधलेली, आणि शेजारी एक परकर घातलेली पोरगी तांब्यानं सळईच्या बुडाशी पाणी घालते आहे. खाली लिहिलं होतं, पाणी घातल्यावर जास्त उजेड पडतो.

सरांनी शून्य दिलं. तेवढ्यावर भागलं असतं तर आज ही गोष्ट सांगायची पाळी आली नसती. पण एक मेला निकालाच्या दिवशी महाशय तो पेपर घेऊन वर्गात गेले आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. म्हणाले, "बघा रे, नवीन शोध लागलाय! एका तारेवर बल्ब! काय गं, बापाच्या भजनातली एकतारी लावलीस काय बल्बाला?" राजकन्याचा बाप वैजनाथ भजनात एकतारी वाजवायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. वर्ग फुटला. चाळीस पोरं बाक बडवून हसली. सरही हसले, आपल्याच विनोदावर, पोट धरून. राजकन्या खाली मान घालून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. विज्ञानात ती तीन मार्कांनी गेली. जूनमध्ये शाळेत आलीच नाही. सर दोन महिने हजेरीत तिच्या नावापुढं गैरहजेरी मांडत राहिले, मग नाव कमी झालं.

आणि आज पायरीवर बसून सरांना कळत होतं की पोरीचं बरोबर होतं.

चार दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. त्यांनी पुस्तकं काढली, वाचली, पट्टी घेऊन तीच आकृती नीट काढली आणि खाली लाल शाईनं लिहिलं, पाचपैकी पाच. रविवारी रविकिरणला सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, एवढ्या वर्षांनी कोण लक्षात ठेवतं हो? सोडून द्या ना." सोडून द्यायला सरांजवळ दुसरं धरायला काय होतं? तिला गाठायचं, तुझं बरोबर होतं म्हणून सांगायचं, माफी मागायची, आणि तिची शाळा आपल्यामुळं सुटली का एवढं विचारून घ्यायचं. हे न करता मेलो तर वर बाईंना काय तोंड दाखवू, असं त्यांना वाटायला लागलं.

सोमवारी ते औशाच्या गाडीत बसले. औशाहून जीपनं फाट्यावर उतरले तेव्हा उन्हानं डांबर मऊ झालं होतं. फाट्यावरच्या कट्ट्यावर पिठाचा डबा शेजारी ठेवून एक म्हातारा बसला होता, धोंडप्पा त्याचं नाव. सरांनी विचारलं, "इथं राजकन्या म्हणून कुणी राहतात का?"

"राजकन्या?" धोंडप्पानं कपाळाला आठ्या घातल्या. "न्हाई बा. आमच्या गावात कोन राजकन्या?"

"वैजनाथरावांची मुलगी. भजनात एकतारी वाजवायचे ते."

"आरं तिच्या! मंग एकतारी म्हना की सरळ! राजकन्या म्हनल्यावर कुनाला कळनार?" धोंडप्पा डबा उचलून उठला. "चला, म्या तिच्याच चक्कीवर चाललोय. दोनला लाईट येती."

चालता चालता त्यांनी कसंबसं विचारलं, "एकतारी का म्हणता तिला?"

"एकटी ऱ्हाती म्हनून. लग्न करून लोह्याला दिली हुती, जमलं न्हाई, चार सालात वापस आली. मंग बाप गेला. एकटीच चक्की चालिवती. म्हनून एकतारी." असं म्हणून तो थोडा घोटाळला. "का बापामुळं म्हनतेत की काय की. लई जुनं नाव हाय."

कुठून आलं ते गाव विसरून गेलं होतं. दोनच माणसांच्या ते नीट लक्षात होतं, आणि त्यातला एक छत्री टेकत टेकत चालला होता.

चक्की म्हणजे पत्र्याची खोली. दारावर निळ्या रंगात लिहिलं होतं, एकतारी पिठाची गिरणी. सर पाटीखाली थांबले. धोंडप्पा डबा रांगेत ठेवून लिंबाच्या सावलीला गेला. आत एक बाई पट्ट्यावरचं पीठ फडक्यानं झटकत होती. चाळिशीची, केसांत पीठ, हात दणकट. तिनं वर बघितलं आणि ओळखलं. ओळखलं हे तिचं फडकं थांबलं त्यावरून सरांना कळलं.

"सर?"

"हो. मी शिवशंकर."

तिनं स्टूल पुसून दिलं, माठातलं पाणी दिलं, आणि स्वतः उभीच राहिली. सरांनी बसमध्ये सगळं घोकून ठेवलं होतं, पण ते सगळं राहूनच गेलं. शेवटी त्यांनी खिशातला कागद काढून तिच्या हातात दिला. तिनं आकृती बघितली. खांब, तार, बल्ब, सळई. पाणी घालणारी पोरगीसुद्धा सरांनी काढली होती, वेडीवाकडी.

"तुझं बरोबर होतं," सर म्हणाले. "डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, एक तार जमिनीत पुरलेली असते. करंट खांबावरच्या तारेनं बल्बात येतो, बल्बातून सळईत, सळईतून मातीत, आणि मातीतूनच परत डीपीला जातो. माती वाळली की त्याची वाट अडते, ओली केली की मोकळी होते. परिपथ पूर्ण होता तुझा. मला कळलं नाही."

"मला तवाबी ठावं हुतं," राजकन्या म्हणाली. "म्या रोज पाणी घालत हुते. चप्पल घालून, लांबून. बापानं शिकिवलं हुतं, सळईला हात लागला तर माणूस जागेवर मरतंय म्हनून."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

तिनं सरांकडं असं बघितलं की सरांना स्टूलावर बसवेना.

"सर, आमच्याकडं मीटर न्हवतं. बापानं खांबावर आकडा टाकला हुता. दुसऱ्या तारेला पैसे न्हवते, म्हनून सळई ठोकली. माझ्या शेजारी पोलीस पाटलाची पोरगी बसायची. वर्गात काय सांगू, आमी लाईट चोरतो म्हनून?" तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "पेपरात लिव्हलं, कारन पेपर तुमी एकटेच वाचनार हुतात. तुमी एकट्यात बोलवून इचारलं असतं तर सगळं सांगितलं असतं. तुमी इचारलं न्हाई. हासलात."

बाहेर डबे ठेवल्याचे आवाज येत होते. माणसं जमायला लागली होती.

"माझ्यामुळं शाळा सुटली का तुझी?" सरांनी विचारलं.

"नापास झाले म्हनून बापानं काढली," ती म्हणाली. "नापास कुनी केलं ते तुमालाच ठावं." रागानं नाही बोलली, दळणाचा भाव सांगावा तशी बोलली. "आन् ही पाटी. म्या पेंटरला राजकन्या पिठाची गिरणी लिव्ह म्हनून पैसे दिले हुते. त्यो गावात इचारत आला, तर गावानं त्याला हे सांगितलं. लिवून मोकळा झाला. पुसून काय करू? समदे तेच म्हनतेत."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. "मला माफ कर, बाई. मी त्यासाठीच आलोय."

राजकन्यानं कागदाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग हळूच म्हणाली, "सर, इचारायचं हुतं ते एकट्यात, तर तुमी चाळीस जनांसमोर हासलात. आन् माफी मागायची चाळीस जनांसमोर, तर आलात एकट्यात."

कागद तिनं त्यांच्या मांडीवर ठेवला आणि चक्कीच्या मोटारीकडं वळली.

आता माणूस म्हटलं तर इथून उठून चालता झाला असता. सरांच्याही मनात तेच आलं, खोटं कशाला बोला. पावणेदोनला एक जीप परत औशाला जायची होती. उठावं, छत्री घ्यावी, जीप धरावी. चौतीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस, पोरांसमोर कधी 'चुकलो' म्हणाला नव्हता. पुस्तकात चूक निघाली तरी छापणाऱ्याच्या नावावर खपवायचा. ते उठले. छत्री घेतली. दारात आले. समोर लिंबाखाली पंधरा-वीस बाया-माणसं बसली होती, डबे आणि पोती मांडून, लाईटची वाट बघत. त्यातला एक टकला माणूस डोळे बारीक करून म्हणाला, "आरं, हे तर आपले शिवशंकर सर! मला छडीनं बडिवलं हुतं यांनी!" लोक हसले.

सरांनी छत्री भिंतीला टेकवली.

"थांबा, हसू नका," ते म्हणाले. जुना आवाज निघाला नाही, चिरका निघाला. "मला काही सांगायचंय. ह्या बाईचं नाव एकतारी नाही."

कुणीतरी म्हणालं, "मंग काय हाय?"

"राजकन्या. राजकन्या वैजनाथ. एकतारी हे नाव मी ठेवलं. नववीच्या वर्गात, चाळीस पोरांसमोर." त्यांनी त्या टकल्याकडं बोट केलं. "तू होतास त्या वर्गात. तूही हसलास. मीच हसवलं तुम्हाला."

टकल्यानं मान खाली घातली.

"तिनं पेपरात लिहिलं होतं की जमिनीतून करंट वापस जातो. मी शून्य दिलं. ते बरोबर होतं. मी मास्तर, आणि मला येत नव्हतं. तिला येत होतं." सरांनी कागद उलगडून समोर धरला. जसा तो पेपर धरला होता तसाच, दोन्ही हातांनी वर, सगळ्यांना दिसेल असा. "हे पाचपैकी पाच तिला तेव्हा मिळायला हवे होते. मिळाले असते तर ती पास होती. ती नापास नव्हती हो. तेव्हा मी चुकलो..."

एवढ्यात पत्र्याच्या खोलीतला बल्ब लागला. लाईट आली. एरवी लाईट आली रे आली की चक्कीची घरघर सुरू व्हायची, कारण तिचा भरवसा नाही, दोन तास राहील नाहीतर दहा मिनिटांत जाईल. बाया सवयीनं डबे घेऊन उठल्या. पण चक्की सुरू झाली नाही. सरांनी मागं वळून बघितलं. राजकन्या स्टार्टरपाशी उभी होती, हिरव्या बटणावर बोट ठेवून. दाबत नव्हती. त्यांच्याकडं बघत होती, बोलणं पुरं व्हायची वाट बघत.

"मी चुकलो," सर म्हणाले. "एवढंच. तुम्ही तिला तिच्या नावानं हाक मारा."

पंख्याविना, मोटारीविना ती दुपार एवढी शांत होती की लिंबावरची खार ऐकू येत होती. लाईट चालली होती वाया. शेवटी धोंडप्पानं आपला डबा उचलला, दोन पावलं पुढं आला, तोंडातल्या तोंडात एकदा शब्द जुळवून बघितला आणि म्हणाला, "राजकन्या... कर की चालू, माय."

तिनं बटण दाबलं.

चक्की सुरू झाल्यावर तिथं कुणाचं कुणाला ऐकू जात नाही. ती दळत राहिली, डब्यामागून डबा. सर स्टूलावर बसून राहिले, अंगावर पीठ उडत होतं. चारला लाईट गेली तेव्हा ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली. सरांनी विचारलं, "माफ केलंस का?"

"आजच्या आज कसं सांगू, सर? तुमाला यायला पंचवीस साल लागले." मग तिनं विचारलं, "घरी कोन हाय तुमच्या?"

"कुणी नाही."

"माझ्याबी," ती म्हणाली. तिनं त्यांच्या हातातला कागद मागून घेतला, चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि फाट्यापर्यंत पोचवायला आली. जीप आली तशी म्हणाली, "सावकाश जावा."

लातूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. सरांनी फाटक उघडलं, कडी वाजली. धोतराच्या सोग्यातून, खिशातून पीठ झडत होतं. त्यांनी बाईंच्या चपलांशेजारी आपली चप्पल काढली, आत जाऊन बटण दाबलं, खोलीत उजेड पडला. पेपर टेबलावर होता. सरांनी तो उघडला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत ओटा पुसलेला, डबे ओळीनं, आणि कुणी नाही.

"आलो," सर मोठ्यानं म्हणाले. आणि मग, विचारलं नव्हतं तरी, पुन्हा म्हणाले, "आलो गं."